वेगासची निवांत ट्रिप : दिवसा वाळवंट, रात्री कॅसिनो

रातराणी

कॉलेजच्या ग्रुपचं बरीच वर्षं नुसतं "भेटूया भेटूया" चाललं होतं, ते यंदा मार्चअखेरीस एकदाचं जमलं. काही जण भारतातून आले, काही अमेरिकेतच असतात, सगळे आपापल्या विमानाने लास वेगासला उतरलो. वेगास ठरलं तेव्हा आमच्यातल्या दोघींनी नाकं मुरडली होती, आम्ही काही जुगार खेळणार नाही मग आम्ही तिथे करायचं काय. निघायच्या दिवशी त्याच दोघी अजून एक रात्र राहूया म्हणून मागे लागल्या होत्या. वेगास म्हणजे फक्त कॅसिनो असं बऱ्याच जणांना वाटतं, त्यामुळे एकतर लोक जात नाहीत नाहीतर गेले की रात्रंदिवस आतच बसून राहतात, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

आम्ही ठरवलं होतं ते एवढंच, सकाळी लवकर शहराबाहेर पडायचं, दुपारी परत येऊन झोप काढायची नाहीतर पूलमध्ये पडून राहायचं, आणि अंधार पडला की कॅसिनो. एका दिवसात लांबचं ठिकाण एकच. ह्या शेवटच्या अटीमुळे ट्रिप खरी निवांत झाली, कुणी कुणाला "चला चला उशीर होतोय" म्हटलं नाही.

पहिल्या सकाळी हूवर डॅम. स्ट्रिपपासून, म्हणजे मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यापासून, पाऊणएक तास. उंची 221 मीटर वगैरे वाचून गेलेलो असतो पण कठड्यावरून खाली बघितल्यावर पोटात गोळा येतो ते वेगळंच. अर्ध धरण नेवाडात, अर्ध अ‍ॅरिझोनात. पाण्यात मनोरे उभे आहेत, त्यात नेवाडाच्या बाजूच्या एकावर नेवाडाची वेळ दाखवणारं घड्याळ आणि अ‍ॅरिझोनाच्या बाजूच्या एकावर तिथली वेळ. हिवाळ्यात दोन्हींत एक तासाचा फरक असतो, उन्हाळ्यात दोन्ही सारखीच चालतात कारण अ‍ॅरिझोना घड्याळं पुढे करत नाही. आम्ही गेलो तेव्हा सारखी होती. मागे लेक मीडच्या, म्हणजे धरणाच्या जलाशयाच्या कड्यांवर पांढरा पट्टा दिसतो, पाणी पूर्वी कुठपर्यंत होतं ते त्या पट्ट्यावरून कळतं, आणि तो पट्टा बघून सगळे एकदम गप्प झालो होतो.

तिथे ब्राँझचे दोन पंखवाले पुतळे आहेत, ऑस्कर हॅन्सन ह्या शिल्पकाराचे, तीस फूट उंच, हात आणि पंख सरळ वर गेलेले. पुतळे काळपट हिरवे पण पायाची बोटं मात्र लख्ख सोनेरी, कारण नशीब उघडावं म्हणून येणारा प्रत्येक जण ती चोळून जातो. आम्हीही चोळली, रात्री टेबलावर बसायचं होतं ना! पुतळ्यांच्या समोरच्या फरशीत आकाशाचा नकाशा कोरलाय, 30 सप्टेंबर 1935 ला अध्यक्ष रूझवेल्टनी धरणाचं उद्घाटन केलं त्या दिवशी ग्रहतारे कुठे होते त्याचा. लोक पुतळ्याबरोबर फोटो काढतात आणि ह्या नकाशावर उभे राहूनही खाली बघत नाहीत, तुम्ही बघा.

मग रात्र. प्रत्येकाने रोजच्या रात्रीचे पैसे घरूनच वेगवेगळ्या पाकिटात आणले होते आणि सगळ्यांची कार्डं रूमच्या तिजोरीत ठेवली. पाकिटातले पैसे नाटकाच्या तिकिटासारखे गेलेच असं धरून चालायचं, उरले तर आनंद. आणि दुसरं म्हणजे पांगायचं नाही, सगळ्यांनी एकाच टेबलावर. आम्ही क्रॅप्स निवडला, फाशांचा खेळ, त्याचं लांबलचक टेबल असतं, भोवती दहाबारा जण आरामात उभे राहतात. संध्याकाळी लवकर गेलो तेव्हा गर्दी नव्हती आणि डीलर बाईंनी, म्हणजे टेबल चालवणाऱ्या बाईंनी, इतकं छान समजावून सांगितलं की विचारू नका. पास लाईनवर पैसे लावायचे, पहिल्या फेकीत सात किंवा अकरा आले की जिंकलो, दोन तीन किंवा बारा आले की गेले, आणि दुसरं काही आलं की तो आकडा पुन्हा येईपर्यंत फेकत राहायचं, आला की जिंकलो, मधे सात आले की डाव संपला. फासे एकाच हातात धरायचे, दुसरा हात लावायचा नाही, आणि समोरच्या भिंतीला आपटतील असे फेकायचे. आमच्यातली सगळ्यात शांत मैत्रीण, जी वर्गात कधी हात वर करायची नाही, तिच्या हातात फासे गेले आणि सातच येईना. सहा, आठ, पाच, पुन्हा आठ... शेजारचे अनोळखी लोक तिचं नाव विचारून घेऊन नावाने ओरडायला लागले, ती लाल झालेली, हसतेय, आणि फेकतेय. पैसे म्हणाल तर फार नाही जिंकलो पण ती रात्र आमच्यापैकी कुणीच विसरणार नाही.

बाकी ठिकाणांचं जसं विचाराल तसं लिहीन.

पाऊसवेडी

किती छान लिहिलंयस गं! मला आधी ते नाक मुरडणाऱ्या दोघींचं सांग, कारण मी त्यांच्यातलीच. आमचा पण ग्रुप वेगास म्हणतोय आणि मला पैसे लावायचे नाहीयेत, तत्त्व वगैरे म्हण हवं तर. रात्री सगळे टेबलावर गेले की मी काय करायचं?

रातराणी

पाऊसवेडी, अगदी खरं सांगते, त्या दोघींनी एक डॉलरसुद्धा लावला नाही. पहिली रात्र त्या आमच्या मागे उभ्या राहून बघत होत्या, नंतर त्यांच्या त्या बाहेर पडायला लागल्या. बेलाजिओची कारंजी रात्री दर पंधरा मिनिटांनी असतात, फुकट, आणि दर वेळी गाणं वेगळं, त्यामुळे त्या तीन-तीनदा बघून आल्या. त्याच हॉटेलात लॉबीच्या छताला काचेची हजारो रंगीत फुलं आहेत, डेल चिहुली ह्या काच कलावंताची, आणि पुढे गेलं की मोठी काचघराची बाग, ती ऋतूप्रमाणे पूर्ण बदलतात. तेही फुकटच. आम्हाला वसंताची सजावट मिळाली. मग एका रात्री स्फिअर, 2023 ला उघडलेलं ते अवाढव्य गोल थिएटर, आत नाही गेल्या पण बाहेरची रोषणाई बघायला पूल ओलांडून गेल्या. शो असतात, सर्कस असते, 550 फुटी हाय रोलर पाळणा आहे. दोघी मिळून असाल तर मुळीच कंटाळा येणार नाही, एकटीच असशील तर एखाद्या शोचं तिकीट आधीच काढून ठेव.

एकच, चालायचं अंतर नकाशावर बघून ठरवू नकोस. समोर दिसणारं हॉटेल चांगलं वीस मिनिटांवर निघतं. स्ट्रिप साधारण चार मैल आहे. चांगले बूट घाल.

फिरस्ता

वाचतोय, मस्त. हूवर डॅमला गेलात तर वाटेतलं बोल्डर सिटी बघितलंत का? धरणाच्या मजुरांसाठी सरकारने 1931 ला वसवलेलं गाव. गंमत बघा, त्याच वर्षी नेवाडाने जुगार कायदेशीर केला आणि ह्या गावात मात्र मजुरांचे पगार उडू नयेत म्हणून बंदी घातली, ती आजतागायत आहे. नेवाडात गॅस स्टेशनवर, विमानतळावर, किराणा दुकानातसुद्धा स्लॉट मशीन दिसतं आणि बोल्डर सिटीत एकही कॅसिनो नाही. छोटं शांत गाव आहे, जुनं हॉटेल आहे 1933 चं, मला स्ट्रिपपेक्षा तिथे बसायला जास्त आवडलं. धरणाच्या बांधकामात 96 कामगार गेल्याची अधिकृत नोंद आहे, तिथे त्यांचं स्मारक आहे, पुतळ्यांच्या जवळच, ते पण बघायला हवं.

ग्रँड कॅनियनला गेलात का?

रातराणी

बोल्डर सिटीत जेवायला थांबलो होतो, पण हा इतिहास माहीत नव्हता, फार आवडला.

ग्रँड कॅनियन नाही केलं. ठरवून नाही केलं. साउथ रिम म्हणजे दरीचा दक्षिण काठ, गाडीने एका बाजूला साडेचार तास, म्हणजे दिवसभर गाडीतच आणि रात्री कुणी टेबलावर उभं राहू शकलं नसतं. ते वेगळं, मुक्कामाचं करायचं असं ठरलं. आम्ही व्हॅली ऑफ फायर आणि रेड रॉक केलं.

सह्यमित्र

ग्रँड कॅनियन सोडलंत?? वेगासपर्यंत जाऊन? मला नाही पटलं. तो सगळा प्लायवूड-आणि-लाईटचा देखावा बघायला वेळ आहे आणि जगातलं एवढं मोठं आश्चर्य बघायला नाही. निदान वेस्ट रिम तरी करायचं, ते सव्वादोन अडीच तासात होतं.

फिरस्ता

सह्यमित्र, तुमचं म्हणणं कळतं पण वेस्ट रिमबद्दल लोकांचा घोळ होतो म्हणून सांगतो. ते नॅशनल पार्कमध्ये येत नाही, हुआलापाई आदिवासींच्या जमिनीवर आहे, त्यामुळे पार्कचा पास तिथे चालत नाही, वेगळं तिकीट, आणि 2007 चा तो काचेचा स्कायवॉक त्याचे अजून वेगळे पैसे. दरी तिथेही सुंदर आहे, पण फोटोत बघितलेली ती एकापाठोपाठ एक रंगांच्या थरांची दरी डोक्यात असेल तर ती साउथ रिमला. माझं मत रातराणींच्या बाजूने, ज्याला कॅनियन करायचं त्याने तिथे सूर्यास्त आणि सूर्योदय दोन्ही मिळतील असा मुक्काम करावा, धावतपळत नाही.

व्हॅली ऑफ फायरबद्दल लिहा ना, मला ते सगळ्यात आवडतं.

रातराणी

लिहितेच. स्ट्रिपपासून पाऊण-एक तास, ईशान्येला. गाडी हायवे सोडून आत वळते, राखाडी डोंगर, राखाडी डोंगर, आणि एका वळणावर अचानक सगळं लाल! वाळूचा दगड आहे, डायनोसॉरच्या काळातल्या वाळूच्या टेकड्यांचा झालेला, आणि त्यातल्या लोखंडाला गंज चढून लाल झालेला. सगळा एकसारखा लाल नाही, फायर वेव्हपाशी गुलाबी, पांढरा, विटकरी असे पट्टे एकाशेजारी एक आहेत आणि त्यावरून चालताना पायाखाली ते वळत वळत जातात. आम्ही सकाळी सातला पोचलो होतो, ऊन तिरपं होतं, तेव्हा रंग काय दिसतो हे फोटोत येत नाही, आमच्यातल्या फोटोवाल्याने पण शेवटी कॅमेरा खाली ठेवला.

अ‍ॅटलाटल रॉक म्हणून एक उंच खडक आहे, त्याला लोखंडी जिना लावलाय. वर चढलं की खडकाच्या काळ्या पडलेल्या पापुद्र्यावर कोरलेली चित्रं दिसतात, मोठ्या शिंगांची मेंढरं, माणसं, गोल गोल आकृत्या, आणि भाला लांब फेकायचं जे हत्यार त्या काळी वापरायचे तेही. खूप वर्षांपूर्वी तिथे कुणीतरी उभं राहून दगडाने दगड टोचत बसलं असेल. आणि गंमत म्हणजे त्या मोठ्या शिंगांची मेंढरं आम्हाला खाली उतरल्यावर रस्त्यात प्रत्यक्ष दिसली, खडकावरच्या चित्रासारखीच, एका ओळीत.

रेड रॉक कॅनियन त्या मानाने जवळ, शहराच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर, तेरा मैलांचा एकेरी रस्ता आहे, गाडीत बसून सुद्धा होतो, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी उत्तम.

फिरस्ता

भर घालतो. रेड रॉकला ऑक्टोबर ते मे दिवसा गाडी न्यायची तर वेळेचं रिझर्व्हेशन आधी करावं लागतं, पास असला तरीही. नॅशनल पार्कचा वार्षिक पास तिथे चालतो, पण व्हॅली ऑफ फायर स्टेट पार्क आहे तिथे नाही चालत. आणि उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. जुलै 2024 मध्ये वेगासला 120 फॅरनहाईट झालं होतं, म्हणजे जवळजवळ 49 सेल्सिअस, तो तिथला आजवरचा उच्चांक. कडक उन्हाळ्यात फायर वेव्हसकट बरेच ट्रेल बंदच ठेवतात. घाम लगेच वाळतो त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. गाडीत पाण्याचा अख्खा क्रेट ठेवा.

गणितवेडा

धागा आवडला. "पैसे गेलेच असं धरायचं" हे बरोबरच आहे पण किती वेळात किती जातील ह्याचा अंदाज काढता येतो आणि तो सगळ्यांनी काढावा असं मला मनापासून वाटतं म्हणून लिहितो.

रूलेट घ्या, लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावर गोळी कुठल्या घरात थांबते त्यावर पैसे लावायचा खेळ. अमेरिकन चाकावर 1 ते 36 आणि दोन शून्यं, एकूण 38 घरं. एका आकड्यावर लावलेत आणि तो लागला तर 35 पट मिळतात, खरं तर न्यायाने 37 पट मिळायला हवेत. हा जो फरक तो कॅसिनोचा वाटा, 5.26 टक्के. एकच शून्य असलेलं युरोपियन चाक असतं तिथे 2.70 टक्के. आणि हल्ली स्ट्रिपवर तीन शून्यांची चाकं खूप झालीत, तिथे 7.69 टक्के! चाक लांबून सारखंच दिसतं, बसायच्या आधी शून्यं मोजा.

आता समजा 15 डॉलरचं टेबल आहे, म्हणजे दर वेळी किमान 15 लावायचे, आणि तासाला 40 वेळा चाक फिरलं, म्हणजे तुम्ही तासात 600 डॉलर फिरवलेत, त्याचे 5.26 टक्के म्हणजे साधारण 32 डॉलर. सरासरी. एखाद्या तासात दोनशे जिंकाल, एखाद्यात दोनशे जातील, पण तिकिटाचा दर म्हणाल तर हा. क्रॅप्सच्या पास लाईनवर वाटा फक्त 1.41 टक्के, शिवाय डावही सावकाश चालतो, त्यामुळे रातराणींच्या ग्रुपने जे निवडलं ते उत्तम होतं. पास लाईनच्या मागे "ऑड्स" म्हणून जादा पैसे लावता येतात त्यावर कॅसिनोचा वाटा शून्य, फाशांच्या खऱ्या शक्यतेप्रमाणेच देतात. पण टेबलाच्या मधोमध जे आकर्षक चौकोन असतात ना, "पुढच्या फेकीत सात येणार" वगैरे, तिथे जाऊ नका. सात येण्याची शक्यता 36 पैकी 6, म्हणजे एकास पाच मिळायला हवेत, देतात एकास चार. वाटा 16.67 टक्के.

अजून एक. "लाल सहा वेळा आला आता काळाच येणार" असं कुणी म्हटलं की त्याला माँटे कार्लोची गोष्ट सांगा. 18 ऑगस्ट 1913 च्या रात्री तिथे काळा रंग लागोपाठ 26 वेळा आला. पंधरासोळा झाल्यावर लोक लालवर पैसे ओतत राहिले, दुप्पट करत राहिले, आणि कॅसिनोने लाखो फ्रँक कमावले. चाकाला आठवण नसते.

कटिंग_चहा

गणितवेडा दंडवत!! हे प्रिंट काढून पाकिटात ठेवतो. ब्लॅकजॅकचं, म्हणजे पत्त्यांनी 21 च्या जवळ जायच्या खेळाचं, पण सांगा की, आम्हा मित्रांना तोच येतो थोडाफार, घरी पत्ते कुटतो तेव्हा खेळतो.

गणितवेडा

ब्लॅकजॅकला टेबलावर छापलेलं वाचा. एक्का आणि दश्शी किंवा चित्राचं पान आलं तर 3 ला 2 देतात की 6 ला 5. तीनाला दोन म्हणजे 10 डॉलरवर 15, सहाला पाच म्हणजे 10 वर 12. कमी रकमेची बरीचशी टेबलं आता 6 ला 5 झाली आहेत आणि एवढ्या एका बदलाने कॅसिनोचा वाटा जवळजवळ 1.4 टक्क्याने वाढतो. 3 ला 2 वालं टेबल आणि नियमाप्रमाणे पत्ता घेणं-थांबणं पाठ असेल तर वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, ह्याहून स्वस्त करमणूक तिथे नाही. ते पाठ करायचे तक्ते मिळतात, टेबलावर बघून खेळलं तरी बहुतेक ठिकाणी कुणी काही म्हणत नाही. विमा, म्हणजे डीलरला एक्का-दश्शी निघेल ह्यावर जादा पैसे, घ्यायचा का विचारतील, नको म्हणा.

दादर_फास्ट

नोकरीनिमित्त वेगासला वारंवार जाणं होतं, त्यामुळे टेबलाच्या रीतीभातींबद्दल थोडं. ह्या कुणी सांगत नाही आणि मग पहिल्यांदा जाणारा बिचकतो.

पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, तो घेणारच नाही. टेबलावर ठेवायचे, चालू डाव संपेपर्यंत थांबायचं. मग तो नोटा पसरून मांडतो, मोठ्याने आकडा सांगतो आणि चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, सरकवतो. हे सगळं वरच्या कॅमेऱ्यासाठी. तसंच ब्लॅकजॅकला पत्ता हवा असेल तर तोंडाने नुसतं "हिट" म्हणून चालत नाही, बोटाने टेबलावर टिचकी मारल्यासारखं करायचं, नको असेल तर हात आडवा फिरवायचा. उद्या वाद झाला तर रेकॉर्डिंगमध्ये आवाज नाही, हात दिसतो. पत्ते उघडे वाटले असतील तर त्यांना हात लावायचा नाही. डाव सुरू झाल्यावर आपल्या लावलेल्या चिप्सना हात लावायचा नाही. फोन टेबलावर नाही. क्रॅप्सला फासे हवेत असताना टेबलाच्या आत हात नको आणि "सात" हा शब्द तर उच्चारूच नका, लोक खरोखर चिडतात.

खेळत असाल तोवर ड्रिंक फुकट असतं, साधं पाणी-ज्यूसही मिळतं, आणणाऱ्या बाईंना डॉलर दोन डॉलर टिप द्या, डीलरलाही उठताना द्या. ही माणसं रात्रभर उभी असतात.

रातराणी

दादर_फास्ट, हे फार उपयोगी. आमच्या डीलरने आम्हाला असंच एकेक शिकवलं.

अनसूया

मला मात्र स्लॉट मशीनच आवडतं, सांगते. टेबलावर चार लोकांसमोर मला दडपण येतं. मशीनसमोर आपण आपलं बसायचं, बटण दाबायचं, रंग बघायचे. तोटा जास्त असेल तर किती जास्त?

गणितवेडा

अनसूयाताई, जरूर खेळा, फक्त वेग सांभाळा. नेवाडाच्या नियमाप्रमाणे मशीनने दीर्घकाळात किमान 75 टक्के परत द्यायला हवेत, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त देतात. पण समजा 10 टक्के कॅसिनोचे धरले आणि दर वेळी एक डॉलर लावून तासात 500 वेळा बटण दाबलंत, तर सरासरी 50 डॉलर तासाला. म्हणजे "पेनी स्लॉट", एका सेंटचं, असं नाव असलेलं मशीन 15 डॉलरच्या रूलेटपेक्षा महाग पडलं. दर वेळी चाकं थांबेपर्यंत थांबलात, मधे गप्पा मारल्यात, तर तेच पैसे दुप्पट वेळ पुरतात. कॅसिनोचं फुकट मेंबर कार्ड काढून मशीनमध्ये घाला, जेवणाचे वगैरे पॉइंट मिळतात.

कटिंग_चहा

भारतातून जाणाऱ्यांसाठी काही विशेष?

दादर_फास्ट

वय 21 पूर्ण हवं, अगदी टेबलापाशी उभं राहायचं असेल तरी, ओळख म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. मुलं बरोबर असतील तर कॅसिनोतून चालत पलीकडे जाता येतं पण थांबता येत नाही.

हॉटेल बुक करताना 2025 पर्यंत दिसायचा तो दर खरा नसायचा, वर रिसॉर्ट फी म्हणजे हॉटेलची सक्तीची जादा फी लागायची, आणि बऱ्याच ठिकाणी पार्किंगचे वेगळे पैसे असतात. पूर्ण रक्कम बघूनच दोन हॉटेलांची तुलना करा. शनिवारच्या मानाने सोम-मंगळ-बुध खूप स्वस्त असतं, टेबलंही कमी रकमेची मिळतात, मोठं कन्व्हेन्शन नसेल तर. कॅसिनोतल्या एटीएमची फी जबरदस्त, आणि क्रेडिट कार्डावर रोख काढाल तर व्याज पहिल्या दिवसापासून, तेव्हा नकोच.

जिंकल्यावरच्या टॅक्सचं एक बहुतेकांना माहीत नसतं. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाला ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स, रूलेट ह्या टेबलांवर जिंकलेल्या पैशांवर तिथला टॅक्स लागत नाही. स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागला तर मात्र 30 टक्के जागेवरच कापून घेतात आणि कागद देतात, तो कागद जपून ठेवा. भारतात ते उत्पन्न दाखवायचं असतंच, सीएला विचारा.

उत्तरा

सगळ्यांचं वाचून छान वाटतंय पण मला एक गंभीर विचारायचंय. आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे ज्याला थांबता येत नाही. शेअर बाजारात झालंय, ऑनलाइन रमीत झालंय, घरच्यांनी मोठं कर्ज फेडलंय. आता सगळे वेगास म्हणतायत आणि तोच सगळ्यात उत्साहात आहे. बाकीच्यांना वाटतं आपण सगळे बरोबर असताना काय होणार. मला झोप लागत नाही ह्या विचाराने. काय करू?

रातराणी

उत्तरा, माझं सरळ मत, तुम्ही वेगासला जाऊ नका. पाकीट, एक टेबल, तिजोरी, हे सगळं ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी आहे. ज्याला येत नाही त्याच्या हॉटेलच्या लिफ्टचं दारच कॅसिनोत उघडतं, रूमवर जायचं म्हटलं तरी टेबलांमधून जावं लागतं, आणि तुम्ही झोपल्यावर पहाटे तीनला तो खाली गेला तर तुम्हाला कळणारही नाही. आत घड्याळ दिसत नाही, खिडक्या नाहीत. त्याच मित्रांबरोबर त्याच पैशात शेजारच्या यूटाह राज्यातली पार्क्स करा, झायन वेगासहून जेमतेम अडीच तासांवर आहे, विमानतळावरून गाडी घेऊन सरळ निघायचं. यूटाहमध्ये लॉटरीसुद्धा कायदेशीर नाही.

सह्यमित्र

उत्तरा, रातराणी म्हणतायत ते शंभर टक्के बरोबर. आणि त्याला सगळ्यांसमोर कारण सांगू नका, ट्रेकच करायचाय असं ठरवा. झायनला एंजल्स लँडिंगच्या ट्रेकसाठी परमिट लागतं, ते लॉटरी पद्धतीने मिळतं, आधी अर्ज करावा लागतो. नाही मिळालं तर नदीच्या पात्रातून चालत जायचं नॅरोज करा, खालच्या बाजूने सुरुवात केली तर त्याला परमिट लागत नाही, पण पुराचा इशारा आहे का ते त्या दिवशी बघूनच पाण्यात उतरायचं. प्लॅनिंग लागलं तर मला मेसेज करा, मी सगळं लिहून देतो, मनापासून.

उत्तरा

खूप आभार दोघांचे. हे सुचलंच नव्हतं. झायनचंच बोलते ग्रुपवर आज.

पाऊसवेडी

माझा शेवटचा प्रश्न, जुन्या वेगासचं कुणीच लिहिलं नाही. फ्रीमाँट स्ट्रीट करावं का? एक रात्र पुरेल?

दादर_फास्ट

करावंच. स्ट्रिप ही मुळात लास वेगास शहराच्या हद्दीबाहेर आहे, खरं शहर म्हणजे फ्रीमाँटच्या आसपासचं. 1905 ला रेल्वेने इथल्या जमिनीचे प्लॉट लिलावात विकले आणि शहर सुरू झालं, पुढच्याच वर्षीचं गोल्डन गेट हॉटेल अजून त्याच कोपऱ्यावर उभं आहे. रस्त्यावर 1995 पासून मोठं कमानीसारखं छत आहे, रात्री त्याच्यावर लाईट शो होतात. टेबलंही स्ट्रिपपेक्षा कमी रकमेची आणि लोक जास्त गप्पिष्ट. आवाज मात्र प्रचंड, शांतता हवी असेल त्यांनी आधीच कानाची तयारी ठेवावी.

रातराणी

पाऊसवेडी, एक संध्याकाळ पुरते पण दुपारी चारलाच जा, कारण जवळच मॉब म्युझियम आहे, तुझ्यासारख्या न खेळणाऱ्यांना सगळ्यात आवडेल असं. जुन्या फेडरल कोर्टाच्या इमारतीत आहे, 1950 मध्ये सिनेटर कीफॉव्हरच्या समितीने संघटित गुन्हेगारीची सुनावणी घेतली ती ह्याच कोर्टात, ती खोली तशीच जपली आहे. बग्सी सीगल ह्या गँगस्टरने 1946 च्या नाताळात स्ट्रिपवर फ्लेमिंगो हॉटेल उघडलं आणि सहा महिन्यांत त्याचा खून झाला, ती सगळी कहाणी तिथे कळते, मग स्ट्रिपकडे बघायची नजरच बदलते. तिथून निऑन म्युझियम, कॅसिनोंच्या काढून टाकलेल्या जुन्या पाट्यांचं अंगण. ते अंधार पडल्यावरच करायचं, काही पाट्या परत पेटवल्या आहेत आणि बाकीच्यांवर खालून प्रकाश सोडलाय. तिकीट वेळेचं असतं आणि रात्रीच्या वेळा लवकर संपतात, त्यामुळे विमानाच्या पाठोपाठ तेच काढून ठेव. मग फ्रीमाँटला चालत नको जाऊस, रात्रीचा तो मधला रस्ता सुनसान आहे, टॅक्सी घे.